जोडवर्गाचे मास्तर

मास्तरांना शिकवायला जाऊ नये, असं मला पुण्यात बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. पोरं निदान माराच्या धाकानं ऐकतात, मास्तर मान डोलावतात आणि घरी जाऊन आपल्याला हवं तेच करतात, असं त्यांचं म्हणणं. मी हट्टी. कुणी नको म्हटलं की तेच करायचं ही खोड मला लहानपणापासून, आणि तिच्यापायी मी पुष्कळदा तोंडघशी पडलो आहे. जुन्नरला जोडवर्ग उघडायचा ठरला, त्यात शिकवण्यासाठी तिथल्याच मास्तरांना तयार करायचं काम निघालं आणि ते घ्यायला कुणी पुढं येईना, तेव्हा मी आपणहून हो म्हटलं. विसावं शतक तेव्हा नुकतं सुरू झालं होतं आणि मलाही तिशी लागायची होती.

जोडवर्ग म्हणजे काय ते आधी सांगतो. त्या काळी सातवी झाली की गावातलं शिक्षण संपलं. ज्याला मास्तर व्हायचं त्यानं पुण्याला जाऊन राहायचं आणि दोन-तीन वर्षांनी ‘ट्रेंड’, म्हणजे शिकवायचं शिकलेला, होऊन परत यायचं. ज्याच्या घरी म्हातारी आई, दावणीला जनावरं आणि पाहायला दुसरं कुणी नाही, त्याला ते कसं जमावं? तेव्हा वरच्या एका साहेबाच्या डोक्यात आलं की एका शाळेला जे झेपत नाही ते दोन-तीन शाळांनी मिळून करावं. जुन्नरची मराठी शाळा, जुन्नरचीच उर्दू शाळा आणि आंबेगावाकडची घोडेगावची शाळा, अशा तिघींनी मिळून सातवीच्या वरचा एक वर्ग चालवायचा. लोकांनी त्याला लगेच जोडवर्ग म्हणायला सुरुवात केली.

खरी नवलाई पुढंच होती. मास्तर होऊ पाहणाऱ्या प्रत्येक उमेदवारानं आपल्या मुलखातली एक गोष्ट निवडायची, पुस्तकात जिचं उत्तर नाही अशी. वर्षभर तिचा शोध घ्यायचा आणि शेवटी शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटी साहेबांपुढं उभं राहून ती मांडायची. त्याला वाट दाखवायला दोन मास्तर, दोन वेगळ्या शाळांचे, आणि दोघांनी मिळून. आज मोठमोठ्या विद्यापीठांतून पंडित तयार करण्यासाठी असलंच काही चालतं असं मी ऐकतो. आमच्याकडं ते तरटावर बसून चाललं होतं.

वर्गाला परवानगी एका वर्षाची. होळी झाली की दिपोटी साहेब येणार, पाहणार. पसंत पडलं तर वर्ग कायम आणि उमेदवार मास्तर. नाही पडलं तर सगळं बंद, ज्यानं त्यानं आपल्या घरी जावं. उमेदवारांत डिंगोऱ्याचा एक तरुण होता. गावातली पोरं देवळाच्या ओसरीवर गोळा करून तो आधीच शिकवत असे, पण शिक्षणखात्याच्या लेखी तो कुणीच नव्हता. पहिल्याच दिवशी तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “पुण्याला मला जाता यायचं न्हाई मास्तर. हितं झालं तर झालं.” विनवणी नाही, काही नाही. हवापाण्याचं बोलावं तसं बोलला. मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं की हा वर्ग बंद पडू द्यायचा नाही.

आता मास्तर मंडळी. मराठी शाळेचे हेडमास्तर, त्यांना सगळं गाव थोरले मास्तर म्हणे. निम्म्या जुन्नरनं त्यांच्या हातची छडी खाल्लेली. कचेरीतले कारकूनसुद्धा रस्त्यात ते दिसले की पागोटं सारखं करत. दुसरे उर्दू शाळेचे मास्तर, कागद्यांच्या घराण्यातले, अंगानं किरकोळ, बोलणं अदबीचं. जुन्नरी कागद एके काळी साऱ्या मुलखात जाई, तो बनवणारी ही घराणी. तिसरे घोडेगावचे. ते मूळ वारूळवाडीचे, शेतकऱ्याच्या घरातले, तोंडानं फटकळ. दर आठवड्याला तट्टावर बसून डोंगर उतरून येत आणि आल्याबरोबर तट्टालाही शिव्या देत आणि खात्यालाही. ते मला ‘ट्रेंड मास्तर’ म्हणत, आणि त्यात मान किती आणि टिंगल किती ते मला अजून उमगलेलं नाही.

पहिलं काम मी असं धरलं की या तिघांनी एकमेकांचं शिकवणं पाहावं. एकमेकांना पाहिल्याशिवाय दोघं मिळून शिकवणार कसे? म्हणून थोरल्या मास्तरांना घेऊन मी उर्दू शाळेत गेलो. आम्हाला पाहताच वर्ग ताडकन उभा राहिला. उर्दू मास्तर खुर्चीवरून उठले, लवून नमस्कार केला, हातातली छडी दोन्ही हातांनी थोरल्या मास्तरांपुढं धरली आणि वर्गाबाहेर निघून गेले. थोरल्या मास्तरांनीही ती घेतली, खुर्चीत बसले आणि पोरांना पाढे विचारायला लागले. मी बाहेर धावलो. उर्दू मास्तर लिंबाखाली शांतपणे सुपारी कातरत होते. आत चला म्हटलं, तर त्यांना माझंच नवल वाटलं. मोठा मास्तर वर्गात असताना आपण तिथं थांबायचं म्हणजे त्याच्यावर नजर ठेवल्यासारखं होतं, असं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं.

पुढच्या वेळी उलट केलं. उर्दू मास्तरांना मराठी शाळेत नेलं. थोरले मास्तर वयानं मोठे, ते तरी थांबतील असा माझा होरा. पण पाहुणा मास्तर आला की त्याला वर्ग द्यायचा ही त्या भागातली रीतच होती. घरी पाहुणा आला तर आपण पाट सोडतो की नाही, असं थोरले मास्तर मला म्हणाले आणि पायात जोडे घालून चालते झाले. कुठल्याही वर्गात दोन मास्तर एका वेळी कधी दिसलेच नाहीत. असे कितीतरी आठवडे गेले. नाकी नऊ आले माझ्या. रागानं मी एकदा घोडेगावच्या मास्तरांना विचारलं की तुमच्याकडं तरी एका वर्गात दोन मास्तर थांबतात का. ते म्हणाले, थांबतात की, एक शिकवतो आणि दुसरा दिपोटी असतो.

तेवढ्या बोलण्यातून मला वाट सापडली. वर्गात खुर्ची एक. जो खुर्चीत तो मास्तर, आणि त्याच्यासमोर बसून राहणारा म्हणजे एक तर पोर, नाही तर तपासनीस. मी जोडवर्गाच्या खोलीतली खुर्ची उचलून बाहेर काढली. टेबलही काढलं. छड्या खुंटीला लावायला लावल्या. सगळ्यांनी खाली बसायचं, उमेदवारांनीही आणि मास्तरांनीही, गोल करून. थोरले मास्तर माझ्याशी बोलेनासे झाले. गुडघे दुखतात, हे त्यांनी मला घोडेगावच्या मास्तरांकरवी कळवलं. मी म्हटलं, उशी आणा. त्यांनी खरंच घरून तक्क्या आणला, त्यावर बसले, पण बाहेर गेले नाहीत. मी जिंकलो असं मला वाटलं.

मग आली खरी अडचण. जिथं पुस्तकात उत्तर नाही तिथं मास्तरांना तरी ते कुठून माहीत असणार? तेव्हा मास्तरानं उमेदवारापुढं सरळ म्हणायचं की मला माहीत नाही, आपण शोधू. हे मी बोललो आणि तिघांचेही चेहरे पडले. थोरले मास्तर पुष्कळ दिवसांनी माझ्याशी बोलले ते याच गोष्टीवर. त्यांनी सांगितलं की या गावात मास्तराला पगार थोडा, मान मोठा, आणि तो मान एवढ्यावरच उभा आहे की मास्तराला सगळं ठाऊक असतं. तेवढं काढून घेतलंत तर मागं काय उरतं? त्यांचं म्हणणं मला पटत होतं, म्हणून मी जास्तच चिडलो. पण मागं हटलो नाही. थंडीभर मी हेच लावून धरलं. दर बैठकीत एकाला प्रश्न विचारी आणि त्याच्याकडून ‘माहीत नाही’ म्हणवून घेई. सुरुवातीला ते म्हणायला कांकू करत. माघ संपेपर्यंत तिघंही ते सहज म्हणू लागले, आणि मी मनातून फुलून गेलो.

एके दिवशी मी जरा लवकर आलो. दार लोटलेलं होतं आणि आतून आवाज येत होते. थोरले मास्तर म्हणत होते, की इथं वेशीतल्या दगडाचा शोध घेणाऱ्या उमेदवारानं विचारायचं, हा दगड कुठून आला. मग मी थोडा विचार केल्यासारखं करीन आणि म्हणेन, माहीत नाही. लगेच तुम्ही म्हणायचं, मलाही माहीत नाही. उर्दू मास्तरांनी अदबीनं विचारलं की हनुवटीला हात आपण आधी लावायचा की नंतर. त्यावर घोडेगावचे म्हणाले, “दोघांनी एकदम लावू नका राव, पाठ केल्यागत दिसंल.” उमेदवारांकडूनही त्यांनी प्रश्न घोकून घेतले होते. कुणी कुठं अडायचं, कुणी कुठं चुकायचं, सगळं ठरलेलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दार ढकलून मी आत गेलो आणि नको नको ते बोललो. पण त्यांना माझा राग कळेचना. तपासणीला जे दाखवायचं ते आधी बसवून घ्यायचं, हे ते आयुष्यभर करत आले होते. उत्तर येणाऱ्या पोरानं उजवा हात वर करायचा, न येणाऱ्यानं डावा, म्हणजे सगळ्या वर्गाचे हात वर दिसतात, ही युक्ती त्या मुलखातल्या कुठल्याही मास्तराला ठाऊक. मी अज्ञान शिकवलं, त्यांनी ते मन लावून बसवलं. त्यात लबाडी नव्हती, उलट माझ्यासाठी केलेले कष्ट होते. घोडेगावचे शेवटी म्हणाले, “तुमी सांगितलं तेच तर आमी केलं. आता त्ये खरंखुरं करायचं म्हंजी कसं?” होळी तोंडावर आली होती.

तो डिंगोऱ्याचा उमेदवार कोपऱ्यात बसून हे ऐकत होता. त्यानं शोधासाठी घेतलेली गोष्ट जुन्नरचा कागद. भूगोलाच्या पुस्तकात, खात्यानं छापलेल्या, एक वाक्य होतं: जुन्नर येथे उत्तम कागद होतो. चौथीतलं पोरगंही ते तालावर म्हणे, मराठी शाळेत मराठीतून आणि उर्दू शाळेत उर्दूतून. पण हा तरुण ओसरीवरच्या पोरांसाठी कागद घ्यायला जुन्नरच्या बाजारात आला, तेव्हा प्रत्येक दुकानदारानं त्याच्यापुढं गिरणीचा कागद टाकला. जुन्नरी कागद मागितला तर हसले. मग उत्तम कागद होतो तो होतो कुठं, एवढाच त्याचा प्रश्न. त्याला वाट दाखवायला मी थोरले मास्तर आणि उर्दू मास्तर अशी जोडी दिली होती, कारण एक गावातले सर्वांत जुने आणि दुसरे त्याच धंद्याच्या घरातले. याहून सोपं काम कुठलं, असं मला वाटलं होतं.

पण थंडीभरात त्या उमेदवाराचं पाऊल कागद्यांच्या मोहल्ल्यात पडलं नव्हतं. जावं म्हटलं की उर्दू मास्तरांकडं पाहुणे येत. पुढच्या खेपेला घरात कुणाला ताप. मग त्यांचं लुगदी म्हणजे कागदाचा लगदा, चुना, कागदाला झिलई आणणारी घोटणी यांच्यावर सुरेख बोलणं होई. जुनी पोती कशी कुजवतात, नदीवर कशी धुतात, हौदात गवताच्या काड्यांचा पडदा बुडवून कागद कसा उचलतात, भिंतीवर चिकटवून कसा वाळवतात, सारं ते हात हलवून सांगत आणि सगळे माना डोलवत. मला ती टाळाटाळ वाटे, कशाची ते कळत नसे. त्या दिवशी मी भडकलेलोच होतो. मी जाहीर केलं की उद्या सकाळी आपण सगळे मोहल्ल्यात जायचं, उमेदवारानं आपले प्रश्न विचारायचे आणि मास्तरांनी आधी काहीही ठरवायचं नाही.

उर्दू मास्तर म्हणाले, “उद्या नको.”

मी म्हटलं, परवा. ते म्हणाले, “परवा बी नको.” मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि माझा हट्ट बहुधा त्यांना दिसला. बरं, या, म्हणाले आणि टोपी सारखी करत उठून गेले.

दुसऱ्या दिवशी ते घराच्या दारातच उभे होते. आम्हाला आत नेलं. अंगणात मोठा दगडी हौद होता. त्यात सरपण रचलेलं होतं आणि सरपणावर कोंबडी बसली होती. भिंतीवर जिथं कागद वाळत तिथं गिलावा अजून गुळगुळीत होता, बाकी सगळीकडं पोपडे. मास्तरांचे वडील बाजेवर बसले होते, ऐंशीच्या घरातले, पण कान शाबूत. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. उर्दू मास्तर हौदाकडं पाठ करून उभे होते.

शेवटी उमेदवारानं विचारलं की हे कधी बंद झालं आणि का. थोरले मास्तर चटकन म्हणाले, गिरणीमुळं, दुसरं काय. त्यांना न विचारताच उत्तर द्यायची सवय. म्हातारबाबांनी नाही म्हणून हात हलवला.

“एका दिशी बंद झालं असं न्हाई बाबा. गिरणीचा कागद आला तवाबी आमचा खपत व्हता. मग हौदात उतराय माणूस मिळंना. थंडीत पाण्यात उभं ऱ्हायाचं, कोण ऱ्हाईल? एक ल्योक मुंबईला गेला. ह्याला मीच शाळंत घातला, म्हटलं ह्याची हाडं तरी कोरडी ऱ्हातील.” त्यांनी मास्तरांकडं बोट केलं. “आता तुमी का म्हणून इचारता, तर मला ठाऊक न्हाई. गिरणीनं झालं का माझ्या हातानं झालं, मी लई इचार केला. न्हाई समजलं.”

मोहल्ल्यातल्या एकाच घरी अजून हौद भरत असे, तोही वर्षातून काही दिवस. ते घरही आम्ही पाहिलं. तिथल्या माणसांनी आणखी तिसरंच कारण सांगितलं. परत येताना थोरले मास्तर माझ्याबरोबर चालत होते. त्यांच्या घरापासून हा मोहल्ला हाकेच्या अंतरावर. चालता चालता ते थांबले आणि म्हणाले की हे मला माहीत नव्हतं. हनुवटीला हात लावला नाही की कुणाकडं पाहिलं नाही. बोलून घालवायची माझी सवय मला तेवढ्यापुरती आवरता आली.

त्यानंतर बैठकीत खरी भांडणं सुरू झाली, आणि मला हायसं वाटलं. उमेदवारापुढंच दोन्ही मास्तर एकमेकांचं खोडू लागले. थोरले गिरणीचा मुद्दा सोडायला तयार नाहीत, उर्दू मास्तर म्हणत की गिरणी सगळीकडं आली, पण सगळ्या गावचे सगळे धंदे का नाही बुडाले? उमेदवार दोघांनाही विचारी की हे तुम्हाला कुणी सांगितलं. एकदा तर थोरले मास्तर रागानं उठून गेले. पण अर्ध्या वाटेवरून परत आले, कारण त्यांना एक नवीन मुद्दा सुचला होता.

एक गोष्ट मात्र उरली. ‘मुलगा शाळेत घातला’ हे कारण साहेबांपुढं बोलायचं की नाही? बोलायचं म्हणजे आपल्याच मास्तरांच्या घरातलं चव्हाट्यावर मांडायचं. त्याशिवाय पुस्तकातलं वाक्य आज खरं नाही असंही म्हणायचं. खात्याच्या माणसापुढं खात्याचं पुस्तक खोटं म्हणणं म्हणजे वर्गावर पाणी सोडण्यासारखं होतं. उमेदवार माझ्याकडं आला. मी त्याला दोन्ही मास्तरांकडं पाठवलं, हा वर्ग त्यांचा आहे म्हणून. त्यांनी त्याला काय सांगितलं ते त्यानंही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. रात्ररात्र तळमळलो, पण विचारलं नाही.

दिपोटी साहेब आले. स्वभावानं वाईट नव्हते, पण घाईत होते. दारात आले आणि खुर्ची कुठं आहे असं त्यांनी विचारलं. ती आणवली. पहिल्या दोघा उमेदवारांचं बरं झालं. मग डिंगोऱ्याचा उभा राहिला. बाजारात काय झालं, मोहल्ल्यात काय पाहिलं, कुणी कोणतं कारण दिलं, सारं त्यानं सांगितलं. मुलाला शाळेत घातल्याचंही सांगितलं, कुणाचा मुलगा ते न सांगता. शेवटी म्हणाला की कारण एक नाही, आणि जी आहेत त्यांत मोठं कुठलं ते मला अजून कळलेलं नाही.

साहेबांनी भूगोलाचं पुस्तक मागवलं. ते वाक्य काढून त्याच्यापुढं धरलं आणि विचारलं की हे चूक आहे काय. उमेदवार म्हणाला, “आज त्ये खरं न्हाई, साहेब.” साहेबांच्या कपाळाला आठी पडली. पुस्तक मिटून ते मास्तरांकडं वळले. अशा वेळी उमेदवाराची समजूत अपुरी आहे एवढं मास्तरानं म्हणायचं असतं. मास्तर सुटतो, साहेबही सुटतो, आणि पोर घरी जातं. मी थोरल्या मास्तरांकडं पाहत होतो. त्या वेळी मी माझी सगळी नोकरी त्यांच्या ओठांवर पणाला लावली होती म्हणा ना.

थोरले मास्तर उठले. गुडघ्यावर हात देऊन सावकाश उठले. म्हणाले, पुस्तक लिहिलं तेव्हा ते खरं असेल. केव्हापासून खरं राहिलं नाही ते मला माहीत नाही. मी इथंच राहतो, सारी नोकरी हे वाक्य शिकवलं, आणि एकदाही जाऊन पाहिलं नाही. त्यांचे जुने विद्यार्थी, दोन कारकून, साहेबांबरोबर आले होते. त्यांच्यादेखत ते हे बोलले. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

मग साहेबांनी उर्दू मास्तरांना विचारलं, की तुम्ही तर कागद्यांच्या घरातले असं ऐकतो, तुम्हाला तर ठाऊक असणार. मग तुम्ही वर्गात काय शिकवत होतात?

उर्दू मास्तर उभे राहिले. हात जोडलेले नव्हते.

“हेच शिकवत व्हतो, साहेब. तो शाळंत घातलेला मुलगा मीच. घरी हौद कोरडा पडला, तरी वर्गात हे वाक्य मी पोरांकडून घोकून घ्यायचो. दुसऱ्या वाक्यापेक्षा जास्त घ्यायचो. पोरं एका सुरात म्हणायची, तेवढा वेळ वाटायचं, आमचा कागद हाय अजून.”

घोडेगावचे मास्तर, ज्यांच्या तोंडाला कधी कुलूप नसे, ते खाली तरटाकडं पाहत राहिले. साहेबांनी पुस्तक बाजूला ठेवलं, उमेदवाराला बस म्हणाले, आणि पुढच्याला उभं केलं. संध्याकाळी त्यांनी आपला निकाल तोंडीच सांगितला. वर्ग कायम. डिंगोऱ्याच्या त्या ओसरीवरच्या शाळेत या उमेदवाराला मास्तर म्हणून घ्यावं. पुस्तकातलं वाक्य बदलणं मात्र त्यांच्या हातात नव्हतं. ते होतं तसंच शिकवावं लागेल, असं ते जरा ओशाळून म्हणाले.

उमेदवार माझ्या पाया पडायला आला, मी त्याला दोघा मास्तरांकडं ढकललं. थोरल्या मास्तरांनी पाठीवर एक थाप मारली, बरीच जोरात. उर्दू मास्तर तोवर निघून गेले होते. वर्ग वाचला होता, उमेदवार मास्तर झाला होता, तरी माझ्या मनाला चैन पडेना. त्या माणसाकडून एवढं काढून घेतलं, आणि उद्या सकाळी त्यानं पुन्हा त्याच वाक्यापुढं उभं राहायचं, हे मला सहन होईना.

सकाळी मी उर्दू शाळेच्या बाजूनं गेलो. आत भूगोल चालला होता. पोरांचा सूर बाहेर येत होता, एकेका गावाचं नाव घेत, त्या गावी काय होतं ते सांगत. जुन्नरचं नाव आलं, वाक्य झालं, आणि सूर थांबला. मग मास्तरांचा आवाज आला, रोजच्यासारखाच अदबीचा. पुस्तकातलं झालं, आता उठा, म्हणाले, माझ्या घरी जायचंय.

पोरं धडाधड बाहेर पडली. मास्तर त्यांच्या पुढं चालत होते. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली आणि मोहल्ल्याच्या बोळात वळले. बोळ भरून पोरं त्यांच्या मागं गेली. मी त्यांच्याबरोबर गेलो नाही. तिथं आता माझं काही काम नव्हतं.